पिवळे डोळे

बुन-नामला माणसाच्या डोळ्यांतला पिवळा रंग सात वर्षांच्या ओळखीचा होता. नवरा सकाळी नळावर तोंड धुवायला वाकला की ती टॉवेल घेऊन बाजूला उभी राहायची, आणि त्याने मान वर केली की आधी त्याच्या डोळ्यांत बघायची. आज फिकट आहे. आज गडद आहे. रक्ताच्या तपासणीतून जे आठवड्याने कळायचं ते तिला तिथेच कळायचं. त्यामुळे सोलच्या त्या मोठ्या इस्पितळात, ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी सकाळी, मुलीचा चेहरा ओल्या फडक्याने पुसताना तिचा हात मध्येच थांबला, तेव्हा तिला कुठल्या डॉक्टरने काही सांगायची गरज नव्हती.

पण हे पहिल्यापासून सांगायला हवं.

आमचं गाव नामहे बेटावर, अगदी समुद्राला लागून. बुन-नामचं शेत माझ्या शेताशेजारी आहे. दोघींच्याही शेतात लसूण. तिचा नवरा जोंग-तेक तीस वर्षं मांदेलीच्या बोटीवर होता. तरुणपणीच काविळीचा विषाणू अंगात शिरला होता, आणि बोटीवरची माणसं पितात तशी तो प्यायचा. साठीच्या आतच त्याचं यकृत सुकून गेलं. पोटात पाणी व्हायला लागलं. पाय सुजले. कधी कधी तो बायकोला आपल्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारायचा.

मुलगी एकच, सोरा. तेहतीस वर्षांची, लग्न न झालेली. जिन्जूला बँकेत होती. तीन वर्षांपूर्वी तिने ती नोकरी सोडली आणि शहराच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागली. काचेमागे बसून लोकांची तोंडं बघण्यापेक्षा रस्ता बघणं बरं, असं ती मला म्हणाली होती. बापाला ते फार लागलं. बे आडनावाच्या घराण्यातली पोर बस हाकते, हे बंदरावर लोक कसं बोलतील, यातच तो अडकला आणि त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. सणाला ती यायची, पूर्वजांपुढे वाकायची, आईच्या हातचं जेवायची आणि जायची. तेवढा वेळ बाप वर्तमानपत्र उघडून बसलेला.

गेल्या शरदात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की जिवंत माणसाच्या यकृताचा भाग मिळाला तर ठीक, नाहीतर उन्हाळा बघायचा नाही. बुन-नामने सगळ्यात आधी स्वतःची तपासणी करून घेतली. चौसष्ट वर्षांचं वय, शिवाय तिचा भाग नवऱ्याला पुरेल एवढा नव्हता. ती हिरमुसून परत आली.

सोराला तिने मागितलं नाही. हे ती गावात ठासून सांगायची. पण रोज संध्याकाळी ती मुलीला फोन करायची, हे मला माहीत आहे, कारण मी कितीदा तिच्याकडेच बसलेली असायचे. आज पोटातून दोन लिटर पाणी काढलं. आज त्यांनी मला ओळखलं नाही. आज त्यांना पेजही गेली नाही. एवढं सांगून फोन ठेवताना म्हणायची, "तू मात्र वेळेवर जेव गं." बारा-तेरा दिवस असे गेल्यावर पलीकडून सोरा म्हणाली की तिने दोन दिवसांची रजा काढली आहे आणि ती तपासणीला सोलला चालली आहे.

मार्चमधल्या एका मंगळवारी दोघांचं ऑपरेशन झालं. सकाळी साडेसातला सोराला नेलं, नऊला जोंग-तेकला. खाली नातेवाइकांच्या हॉलमध्ये भिंतीवर पडदा होता. त्यावर नावं सरकत होती, आणि नावापुढे 'ऑपरेशन सुरू' अशी अक्षरं. बुन-नाम त्या दोन नावांखाली दिवसभर बसून राहिली. दुपारी अडीचला सोराच्या नावापुढची अक्षरं बदलली. यकृताचा उजवा भाग काढला, साठ टक्क्यांच्या वर, सगळं नीट पार पडलं, उरलेला भाग तीन महिन्यांत वाढून भरून येतो, असं डॉक्टर मो सांगून गेल्या. या डॉक्टर बाई सोराच्याच वयाच्या असतील. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. जोंग-तेक रात्री बाहेर आला. त्याला सहाव्या मजल्यावर काचेच्या खोलीत ठेवलं, बाहेरचा एक जंतूही लागू नये म्हणून. सोरा आठव्या मजल्यावर, दोन खाटांच्या खोलीत. बुन-नामला सोराच्या खाटेशेजारचा पाठ टेकण्यापुरता बुटका बाक मिळाला.

समोरच्या खोलीत देगूचे एक गृहस्थ होते, पित्ताशयाच्या ऑपरेशनचे. त्यांची बायको गेले दोन आठवडे तिथेच मुक्कामाला होती आणि अख्ख्या मजल्याची माहिती ठेवून होती. तिने पहिल्याच दिवशी बुन-नामला चहाचं गरम पाणी कुठे मिळतं, कुठली नर्स सुई हलक्या हाताने टोचते आणि कुठल्या डॉक्टरला काय विचारायचं ते सांगून टाकलं. डब्यातली मुळ्याची किमची वाढताना ती बुन-नामला म्हणाली, "पोरगी पादली की मला सांगा. आतडी जागी झाल्याशिवाय हे लोक पाणीसुद्धा देत नाहीत. आमच्या ह्यांनी पाच दिवस घेतले. एरवी घरात थांबता थांबत नाहीत."

सोरा हसली आणि टाके दुखले म्हणून तिने पोट धरलं. "मावशी, हसवू नका," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. तिसऱ्या दिवशी सलाईनचा स्टँड धरून तिने दालनाच्या चार फेऱ्या मारल्या. पोटाच्या उजव्या बाजूने एक नळी बाहेर काढली होती आणि तिच्या टोकाला पिशवी होती, तीत लालसर पाणी साचायचं. ती पिशवी बुन-नाम शेजारून हातात धरून चालायची. त्या दिवशी देगूच्या बाईला हवी ती बातमीही मिळाली, आणि सोराला चार चमचे पेज मिळाली. बुन-नामने मला फोन केला. आवाज एवढा मोकळा होता की मी शेतात बसून ढसाढसा रडले.

चौथ्या दिवशी दुपारी सोरा म्हणाली की उजवा खांदा दुखतोय. झोपण्यात काही तरी झालं असेल, असं बुन-नामला वाटलं. तिने खांदा चोळून दिला. संध्याकाळी ताप आला. नर्स औषध देऊन गेली. पाचव्या दिवशी सकाळी सोराने चालायला नको म्हटलं, पेज नको म्हटलं, खिडकीचा पडदा लावून घे म्हटलं. बुन-नामने तिचं तोंड पुसायला घेतलं, आणि सोराने डोळे उघडले.

बुबुळाभोवतीचं पांढरं पांढरं राहिलं नव्हतं.

बुन-नामने खाली पिशवीकडे पाहिलं. लालसर पाणी गेलं होतं आणि त्याजागी शेवाळी रंगाचं दाट काही तरी होतं. तिने फडकं खाटेवर ठेवलं आणि ती नर्सच्या टेबलापर्यंत चालत गेली. तिने स्वतःच्या डोळ्याला बोट लावून दाखवलं. नर्स उठून धावतच आली.

त्यानंतरचं सगळं इतक्या भराभर झालं की बुन-नामला ते नंतर कधी ओळीने सांगता आलं नाही. खाटेसकट सोराला स्कॅनला नेलं. यकृत जिथे कापलं होतं तिथून पित्त पोटात झिरपत होतं आणि ते नासलं होतं. डॉक्टर मोंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. घशातून एक नळी आत घालून पित्ताची वाट मोकळी करायची, आणि बरगड्यांखालून दुसरी घालून साचलेलं बाहेर काढायचं. शंभरात चार-पाच जणांना असं होतं, असं त्या म्हणाल्या. बुन-नामने सहीच्या जागी सही केली. ऑपरेशनच्या आधीही तिने हाच आकडा ऐकला होता आणि तेव्हा तो तिला फार लहान वाटला होता.

नळ्या बसल्या, पण ताप उतरला नाही. दुपारनंतर सोराचा रक्तदाब घसरायला लागला. तिला थंडी भरली. दात एवढे वाजत होते की देगूची बाई आपलं पांघरूण घेऊन आली. सोराने आईचं मनगट धरलं आणि बाबांना काही सांगू नकोस असं म्हणाली. मग तिला त्याच मजल्यावरच्या आयसीयूत नेलं आणि दार बंद झालं.

त्या दाराच्या आत घरच्यांनी दिवसातून एकदाच जायचं, साडेअकराला, वीस मिनिटं. उरलेले तेवीस तास चाळीस मिनिटं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

आणि सहाव्या मजल्यावर जोंग-तेक दिवसागणिक सुधारत होता. त्याच्याकडे काचेपलीकडून बघायचं आणि भिंतीवरच्या फोनवर बोलायचं. बुन-नाम सकाळ-संध्याकाळ जायची. त्याचे डोळे निवळले होते, सात वर्षांत तिने पाहिले नव्हते इतके. गालांवर रक्त दिसत होतं. पहिल्याच वाक्यात तो जेवणाची तक्रार करायचा, भात मऊ असतो, माशाचा तुकडा नखाएवढा असतो. मग विचारायचा की पोरगी कुठे आहे. शेजारच्या खोलीतल्या माणसाला त्याच्या मुलाने यकृत दिलं, तो मुलगा तिसऱ्याच दिवशी चालत येऊन काचेपाशी उभा राहून गेला, असं सांगायचा.

"सर्दी झालीय तिला," बुन-नाम म्हणाली. "सर्दीवाल्याला इथे सोडत नाहीत."

दुसऱ्या दिवशीही तिने सर्दीच सांगितली. "अजून रागावलीय का माझ्यावर?" जोंग-तेकने विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली, फोन जागेवर ठेवला आणि जिन्याकडे गेली. हे तिने मला पुढे कित्येक महिन्यांनी सांगितलं, लसणाच्या जुड्या बांधता बांधता, माझ्याकडे न बघता. जिन्यात उभी राहून तिने नवऱ्याचा तो तजेलदार चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि तिला त्याची घृणा आली. ते रक्त माझ्या पोरीचं आहे, असं तिला वाटलं. ज्याने तीन वर्षं तिला एक शब्द दिला नाही त्याच्या पोटात तिचं यकृत बसलंय, आणि ती वर थरथरतेय. दोघांतलं एकच राहणार असेल तर कुठलं राहावं, हे तिच्या मनाने तिला विचारलं सुद्धा नाही. ते आधीच ठरलेलं होतं. चाळीस वर्षांच्या संसारानंतर एवढ्या सहज ठरलं, याचीच तिला जास्त भीती वाटली.

सातव्या दिवशी साडेअकराला ती आत गेली तेव्हा सोराने डोळे उघडले नाहीत. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. हात इतके सुजले होते की बोटांच्या सांध्यांवरच्या रेषा नाहीशा झाल्या होत्या. बुन-नाम तिच्या कानाशी वाकून बोलत राहिली. लसणाला कोंब कसे आलेत, शेजारीण, म्हणजे मी, तण काढतेय, असलं काहीबाही. तिला धड काही सुचत नव्हतं. यंत्रावरचे आकडे बदलले की ती थांबायची आणि पुन्हा बोलायला लागायची.

बाहेर डॉक्टर मो भेटल्या. औषध बदललंय, त्या म्हणाल्या, आज आणि उद्या हे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. बुन-नामने मान डोलावली. डॉक्टर वळून निघाल्या तशी तिने त्यांच्या पांढऱ्या डगल्याची बाही धरली.

"डॉक्टर, ते परत लावता येतं का?"

डॉक्टरांना कळलं नाही.

"तिचं काळीज. ह्यांच्या पोटात घातलंय ते. ते काढून तिला परत लावता येतं का?"

देगूची बाई शेजारीच उभी होती, डबा घेऊन. एरवी तिच्या तोंडाला खळ नसायचा, पण ती खाली जमिनीकडे बघत राहिली. डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी बुन-नामला बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. नाही लावता येत, असं त्यांनी सांगितलं. पण तिला त्याची गरजही नाही. उरलेलं यकृत आपलं काम करतंय, आजच्या रक्तातही ते दिसलं. आता भांडण आहे ते जंतूंशी. आणि मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या की असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही आहात.

त्या गेल्यावर बुन-नामला वाटलं होतं की देगूची बाई आता आपल्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. पण त्या बाईने डबा उघडला आणि चमचा बुन-नामच्या हातात कोंबला. "खा," म्हणाली. "मीसुद्धा ह्यांच्याबद्दल काय काय बोललेय देवापाशी, ते ह्यांना कळलं तर टाके उसवतील."

त्या संध्याकाळी काचेपाशी उभी राहिल्यावर बुन-नामला सर्दी म्हणता आलं नाही. जोंग-तेकने फोन कानाला लावला आणि काही विचारलंच नाही. तिने त्याला सगळं सांगितलं. पित्त, ताप, आयसीयू, दोन दिवस. सांगताना तिला जरासं बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं चांगलं नव्हतं, हेही तिला कळत होतं. तो ऐकत राहिला. मग त्याने फोन ठेवला, कुशीवर वळला आणि भिंतीकडे तोंड केलं. ती काचेपलीकडून त्याची पाठ बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सहाव्या मजल्यावरून नर्सचा फोन आला. तुमचे यजमान रात्रीपासून काही खात नाहीत, असं ती म्हणाली. औषधही घेत नाहीत. ते औषध वेळेवर गेलं नाही तर शरीर नवं यकृत झुगारून देईल. तुम्ही येऊन समजवा. त्यांनी बुन-नामला डगला, टोपी, मास्क, हातमोजे सगळं घालून पहिल्यांदाच काचेच्या आत सोडलं.

जोंग-तेक तसाच भिंतीकडे वळून पडला होता. टेबलावर छोट्या पेल्यात गोळ्या होत्या. त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं की पोरीला वर काही झालं तर मला हे नको. मला कशाला जगवलंत. मी मागितलं नव्हतं.

बुन-नामने खुर्ची ओढली. ती चिडून ओरडेल असं नर्सला वाटलं होतं, पण तिचा आवाज चढलाच नाही.

"अहो, इकडे बघा," ती म्हणाली. तो वळला. "तुम्ही मागितलं नव्हतं, मी मागितलं होतं. ते माझं मी बघीन. पण तुमच्या पोटात जे आहे ते तुमच्या मालकीचं नाही. पोरीनं पोट फाडून दिलंय. ते उपाशी ठेवायचा, मारून टाकायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? ती शुद्धीवर येऊन विचारील, बाबा कसे आहेत, तेव्हा मी काय सांगू? तू दिलंस ते त्यांनी वाया घालवलं, असं सांगू?"

त्याने ओठ घट्ट मिटले होते. ती गोळ्यांचा पेला धरून बसून राहिली.

"ती येईल का शुद्धीवर?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. चाळीस वर्षांत तिने त्याच्यासमोर हे तीन शब्द कधी उच्चारले नव्हते. घरात तिला सगळं माहीत असायचं.

त्याने गोळ्या घेतल्या. एकेक करून, पाण्याच्या घोटाबरोबर, आणि प्रत्येक घोटाला गळ्याची घाटी वर-खाली होताना ती बघत राहिली. मग त्याने नर्सला पेज आणायला सांगितलं आणि वाटी संपवली. तिला तिथे रडायचं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी मास्कमध्ये उतरलं आणि आतून मास्क ओला झाला.

साडेअकराला ती आठव्या मजल्यावर गेली. सोराचा ताप अडतीसवर आला होता. बुन-नामने तो आकडा दोनदा वाचला, नर्सला विचारलं, आणि तरी तिला विश्वास ठेवायची हिंमत झाली नाही. नवव्या दिवशी सदतीस पूर्णांक चार. त्या दिवशी सोराने मास्क हाताने बाजूला सारला आणि घसा खरवडल्यासारख्या आवाजात पाणी मागितलं. तिने बाबांचं विचारलं नाही, आईला ओळखल्याचंही काही दाखवलं नाही. नुसतं पाणी. नर्सने ओला कापूस तिच्या ओठांवर फिरवला. बुन-नाम खाटेच्या दांडीला धरून तिथेच उकिडवी बसली. वीस मिनिटं संपली तेव्हा नर्सने तिला उठवून बाहेर आणलं.

बाराव्या दिवशी सोरा खोलीत परत आली. दंड काड्यांसारखे झाले होते आणि केस उशीवर झडत होते. देगूचं जोडपं दोनच दिवसांपूर्वी घरी गेलं होतं, जाताना बाकावर आपलं पांघरूण ठेवून. बुन-नाम दर तासाला सोराचे डोळे बघायची. सोरा झोपली की नाकापुढे हाताची पाठ धरायची, आणि एकदा त्यानेच ती दचकून जागी झाली आणि वैतागली.

जोंग-तेकला तोवर काचेतून बाहेर काढलं होतं. एका दुपारी तो सलाईनचा स्टँड ढकलत, नर्सचा एक हात धरून, आठव्या मजल्यावर आला. बुन-नाम दारात उभी होती, तिने त्याला आत येऊ दिलं. तो खाटेच्या पायथ्याशी थांबला. सोराचा सदरा वर सरकला होता आणि दोन नळ्या दिसत होत्या. त्याने त्या पाहिल्या.

"पट्टा लागेल तिथे," शेवटी तो म्हणाला. "बसचा. सीटचा पट्टा."

"मऊ कापड घालीन मधे," सोरा म्हणाली.

तो स्टँड ढकलत निघाला. दारातून बाहेर पडताना त्याने चौकटीचा आधार घेतला. त्याच्या पाठीकडे सोरा बघत होती.

घरी सोडलं तो एप्रिलच्या शेवटाकडचा दिवस होता. पित्ताची नळी अजून एक महिना ठेवायची होती. बुन-नाम पिशव्या भरत होती, सोरा खाटेवर बसून टॉवेलच्या घड्या घालत होती. एक घडी घालून झाल्यावर ती म्हणाली, "आई, ऑपरेशनच्या आधी इस्पितळातल्या एका बाईंनी मला एकटीला खोलीत बसवून विचारलं होतं. द्यायचं नसेल तर तसं सांग, आम्ही घरच्यांना जुळत नाही एवढंच कळवू, कुणाला खरं कळणार नाही, असं म्हणाल्या त्या बाई."

बुन-नाम पिशवीवर वाकलेली तशीच राहिली.

"मी दोन दिवस विचार केला. नाही म्हणणार होते. खरंच. पण मग वाटलं, तू पुन्हा संध्याकाळी फोन करशील. तू गावात सांगतेस ना, मी मागितलं नाही म्हणून? तू रोज मागत होतीस, आई."

बाहेर दालनात कुणाची तरी ढकलगाडी गेली. बुन-नामच्या मनात कितीतरी उत्तरं आली. मला कळत नव्हतं, मी घाबरले होते, मी एकटी होते. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मागत होते."

सोराने हातातला टॉवेल मांडीवर ठेवला.

"मला तुम्ही दोघंही हवे होतात," बुन-नाम म्हणाली. "आणि मग तू तिथे आत असताना मला तुझे बाबा नको झाले होते. हेही ऐकून ठेव."

सोराने पुढचा टॉवेल उचलला. "हे बाबांना सांगू नकोस," म्हणाली. आणि जरा वेळाने, घडी नीट करून, "बरं झालं बोललीस."

दोघं एकाच दिवशी गावात आली. आम्ही शेजारणी त्यांच्या दारात उभ्या होतो, पण बुन-नामने आम्हाला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. जंतू येतील म्हणून. पुढे कितीतरी दिवस ती कुणाला घरात घेत नव्हती. शेतात यायची, एक वाफा करायची आणि घरी पळायची, परत यायची. लसूण काढणीला तिच्या घरचं कुणी नव्हतं, आम्हीच मिळून काढला. एकदा सोराला साधी शिंक आली तर ही टॅक्सी बोलवायला निघाली होती. जून सरता सरता स्कॅन झालं. सोराचं यकृत भरून आलं होतं, जवळजवळ पहिल्याएवढं. नळी निघाली. बुन-नाम मला म्हणाली की कागदावर चांगलं लिहिलंय. म्हणजे तिने ते वाचलं होतं. मानलं होतं असं नाही.

मग एक दिवस दुपारी मी तिच्याकडे काकड्या द्यायला गेले. ती स्वयंपाकघरात तांदूळ धुत होती. बाहेरच्या खोलीतून एकदम आवाज चढले. बंदरावरच्या कुणी तरी जोंग-तेकला खारवलेल्या माशाची वाटी आणून दिली होती आणि सोराने ती त्याच्यासमोरून उचलली होती. मिठाला मनाई आहे, कच्च्याला मनाई आहे, कागद भिंतीवर लावलाय, वाचता येत नाही का, असं ती म्हणत होती. स्वतःच्या घरात मला घासभर मासा मिळू नये का, असं तो म्हणत होता, आणि बस हाकून हाकून तुझी जीभ ड्रायव्हरांसारखी झालीय.

"झालीय तर झालीय. वाटी मिळणार नाही."

बुन-नामच्या हातून पातेलं निसटलं. ती ओल्या हातांनी धावत दारात गेली. मी मागे होते. दोघं बैठ्या टेबलाच्या दोन बाजूंना, वाटी सोराच्या हातात उंच धरलेली, दोघांचे चेहरे लाल. बुन-नामने आधी मुलीच्या पोटाकडे पाहिलं, ती टाक्यांवर हात दाबतेय का ते. हात तिथे नव्हता. मग नवऱ्याकडे पाहिलं, तो धापा टाकतोय का ते. तोही टाकत नव्हता. दोघंही तिच्याकडे बघून थबकले.

"काय झालं गं आई?" सोराने विचारलं.

बुन-नाम चौकटीला धरून उभी होती. तिच्या हातांवरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "चालू द्या."

आणि ती आत वळली, खाली बसली आणि फरशीवर सांडलेले तांदूळ गोळा करायला लागली. मीही तिच्यासमोर बसले. बाहेर ते दोघं पुन्हा सुरू झाले होते.